अंगावर वळ नाहीत, म्हणून दुःख नाही?



नवरा हात उगारीत नाही, पण रोज घालूनपाडून बोलतो, घरखर्चाला पैसा देत नाही, सदा धाकात ठेवतो. अशी सून माहेरी परतली की आपण तिला काय सांगतो? “मारीत तर नाही ना? मग नांद गुमान.” असे आपणही कधी ना कधी बोललोच असू.

इंग्लंडातही हेच बोलले गेले. २००८ साली एक बाई दोन लहान मुलांना घेऊन नवऱ्याच्या घरातून बाहेर पडली. घरातल्या हिंसेमुळे घर सोडावे लागलेल्या बाईला निवारा मिळावा, असा तिथे कायदा आहे. पण तिथल्या नगरपालिकेने म्हटले, “नवऱ्याने तुला मारलेले नाही, मारण्याची धमकीही दिलेली नाही. मग परत जा.” खालच्या कोर्टांनीही हेच उचलून धरले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र सांगितले, की हिंसा म्हणजे नुसती मारहाण नव्हे. धाकदपटशा आणि इजा होण्याजोगा छळ हीही हिंसाच. नगरपालिकेने अर्जाचा नव्याने विचार करावा, असा हुकूम झाला. मुख्य निकालपत्र लिहिले होते ब्रेंडा हेल या न्यायमूर्तीबाईंनी.

या बाई मूळच्या यॉर्कशायरच्या खेडवळ भागात वाढलेल्या. आईवडील दोघेही शिक्षक. पण लग्न झाल्यावर आईला नोकरी सोडावी लागली होती, तेव्हाचा रिवाजच तसा. ब्रेंडा तेरा वर्षांची असताना वडील अचानक गेले. पदरी तीन मुली. आई रडत बसली नाही. तिने पुन्हा शिकवायला घेतले आणि गावच्या प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका झाली. मुलीने तो धडा डोळ्यांनी पाहिला.

ब्रेंडा केंब्रिजला कायदा शिकायला गेल्या, तेव्हा वर्गात शंभरावर मुलगे आणि मुली अवघ्या सहा. पुढे अठरा वर्षे त्यांनी मँचेस्टरच्या विद्यापीठात शिकवले. १९९४ साली त्या उच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या. २००४ साली देशाच्या सर्वांत वरच्या न्यायपीठावर बसणारी पहिली स्त्री त्याच. आपल्या सर्वोच्च न्यायालयात न्या. फातिमा बीवी १९८९ सालीच आल्या होत्या, हे इथे अभिमानाने सांगायला हवे. हेलबाई मात्र तिथे एकट्याच राहिल्या, एक-दोन नव्हे, तेरा वर्षे! २०१७ साली त्या त्या न्यायालयाच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२० च्या जानेवारीत निवृत्त झाल्या.

त्यांचा आग्रह एकच होता. कोर्टाची पायरी सगळ्या थरांतली माणसे चढतात; मग न्याय देणारे सगळे एकाच साच्यातले का? स्त्रिया हव्यात, निरनिराळ्या वंशांचे लोक हवेत, साध्या शाळेत शिकलेलेही हवेत.

कोणी म्हणेल, बाई न्यायाधीश म्हणजे बाईचीच बाजू घेणार. तसे नाही. २०१० साली लग्नाआधीच्या कराराचा एक खटला नऊ न्यायाधीशांपुढे आला. अशा कराराने बहुधा दुबळ्या जोडीदाराचे, म्हणजे बहुतेक वेळा बायकोचे नुकसान होते, असे म्हणून हेलबाईंनी एकटीने वेगळे मत दिले. आठ पुरुष आणि एक स्त्री अशा न्यायपीठाने हा प्रश्न सोडवणे कितपत योग्य, असेही त्यांनी लिहिले. आणि त्या खटल्यात श्रीमंत होती बायको, दुबळा होता नवरा!

नांगर धरणाऱ्याला शेत एका अंगाने दिसते, वाकून खुरपणारणीला दुसऱ्या अंगाने. दोघांना विचारल्याखेरीज शेताची खरी कळा कळत नाही. न्यायाचेही तसेच आहे.

आता आपल्या घरचे. आपल्याकडच्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात शिवीगाळ, मानसिक छळ आणि खर्चाला पैसे न देणे, हे सारे येते. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. तेव्हा लेक दारात आली, तर तिच्या अंगावरचे वळ शोधू नका. आधी तिला पाणी द्या, जवळ बसवा आणि तिचे सारे ऐकून घ्या. घरात पहिल्या न्यायाधीश तुम्हीच आहात.