वार्तागृहांचे वैभव आणि वार्ताहरांची उणीव

अमेरिकेतील मोठ्या दूरचित्रवाणी संस्थांनी गेल्या काही वर्षांत आपापल्या वार्तागृहांच्या स्थलांतराचा आणि नूतनीकरणाचा जो सपाटा लावला आहे, त्याकडे केवळ इमारतींचा आणि यंत्रसामग्रीचा व्यवहार म्हणून पाहून चालणार नाही. सीएनएनने अटलांटा नगरातील ‘सीएनएन सेंटर’ हे आपले जगप्रसिद्ध ठाणे सोडून टेकवुड मार्गावरील जुन्या आवारात पुन्हा बिऱ्हाड नेले. एबीसीने २०२५ मध्ये ‘गुड मॉर्निंग अमेरिका’ हा प्रभातकालीन कार्यक्रम टाइम्स स्क्वेअरच्या गजबजाटातून उचलून हडसन स्क्वेअर येथील नव्या वास्तूत हलवला. सीबीएसने आपले सायंकालीन वार्तापत्र २०१९ मध्ये न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला नेले आणि २०२५ मध्ये ते पुन्हा न्यूयॉर्कला आणले. आणि एमएसएनबीसी ही वाहिनी तर त्याच वर्षी एनबीसीच्या घरातून विभक्त होऊन, नावही बदलून, नव्या जागेत स्वतंत्र कारभार थाटती झाली. एवढी धनराशी, एवढी कल्पकता आणि एवढे श्रम ज्या वास्तूंवर खर्च होत आहेत, त्यांच्यामुळे बातमी अधिक सत्य, अधिक त्वरित आणि अधिक उपयुक्त झाली काय, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रेक्षकाला आहे. आणि या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी नकारार्थी द्यावे लागते, असे माझे स्पष्ट मत आहे.

वार्तागृहाच्या सुधारणेस माझा तत्त्वतः विरोध नाही. या माध्यमाचा इतिहास पाहिला तर उत्तम पत्रकारिता आणि उत्तम यंत्रसामग्री यांनी अनेकदा एकमेकींचा हात धरलेला दिसतो. १८ नोव्हेंबर १९५१ रोजी पत्रकार एडवर्ड मरो यांनी सीबीएसवर ‘सी इट नाऊ’ हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा सजवलेल्या मंचावर न बसता ते न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या इमारतीतील एक्केचाळीस क्रमांकाच्या स्टुडिओच्या नियंत्रण कक्षातच बसले, आणि त्यांच्यासमोरील दोन पडद्यांवर अटलांटिक व पॅसिफिक हे दोन्ही किनारे एकाच क्षणी अमेरिकन जनतेस प्रथम दिसले. त्या दृश्यामागे नवी तंत्रविद्या होती, परंतु तिचा विनियोग दूरचे जग जवळ आणण्यासाठी झाला होता. निवेदकाच्या पाठीमागे शोभा निर्माण करणे हा तिचा हेतू नव्हता. सव्वादोन वर्षांनी, ९ मार्च १९५४ रोजी, सेनेटर मॅकार्थी यांच्या दडपशाहीचा पंचनामा याच कार्यक्रमाने केला, आणि त्यासाठी मरो यांना मॅकार्थींच्याच चित्रित भाषणांखेरीज दुसऱ्या कोणत्याही अलंकाराची गरज भासली नाही.

सीबीएसचेच निवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. १९६३ च्या सप्टेंबरात सीबीएसचे सायंवार्तापत्र पंधरा मिनिटांवरून तीस मिनिटांचे झाले, तेव्हा क्रॉन्काइट यांचे मेज चालू वार्ताकक्षातच मांडलेले होते, आणि त्यांच्या अवतीभवती माणसे खरोखरच काम करीत होती. त्याच वर्षी २२ नोव्हेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्याची वार्ता आली, त्या वेळी त्या काळच्या कॅमेऱ्यांच्या नलिका तापण्यास अवधी लागत असल्यामुळे सुमारे वीस मिनिटांपर्यंत अमेरिकन प्रेक्षकांना क्रॉन्काइट यांचा केवळ आवाजच ऐकू आला; पडद्यावर एक स्थिर पाटी तेवढी होती. या अनुभवानंतर वार्ताकक्षात एक कॅमेरा सदैव सज्ज ठेवण्याची तजवीज झाली. आणीबाणीच्या प्रसंगी जी उणीव प्रत्यक्ष जाणवली तिच्यावरील हा इलाज होता, आणि वार्तागृहाच्या प्रत्येक सुधारणेची जननी अशीच असावयास हवी.

टेड टर्नर यांनी १ जून १९८० रोजी अटलांटात चोवीस तासांची सीएनएन वाहिनी सुरू केली, तेव्हा एका जुन्या क्लबाच्या इमारतीत थाटलेला तिचा वार्ताकक्ष निवेदकांच्या पाठीमागे उघडा ठेवण्यात आला होता. फोन वाजत आहेत, कागद हातोहात जात आहेत, संपादक घाईने हिंडत आहेत, हे सारे प्रेक्षकास दिसत होते, आणि त्यामुळे बातमी ही आकाशातून पडणारी वस्तू नसून माणसांच्या कष्टांतून सिद्ध होणारी वस्तू आहे, हे त्याच्या मनावर ठसत होते. पुढे हा उघडा वार्ताकक्ष इतका लोकप्रिय झाला की अनेक केंद्रांनी त्याचे केवळ दृश्यरूप उचलले; ज्या गजबजीमुळे त्या दृश्याला अर्थ आला होता, ती गजबज पुरवणारी माणसे मात्र पुढे अनेक ठिकाणी क्रमाक्रमाने घटत गेली.

विपर्यासाचा प्रारंभ येथेच झाला. ४ नोव्हेंबर २००८ च्या निवडणुकीच्या रात्री सीएनएनने शिकागोत तंबू ठोकून, वर्तुळाकार पस्तीस कॅमेरे लावून, तेथे उभ्या असलेल्या आपल्या वार्ताहर जेसिका येलिन यांची प्रतिमा न्यूयॉर्कच्या स्टुडिओत अवतीर्ण झाल्याचा भास निर्माण केला. प्रत्यक्षात निवेदक वुल्फ ब्लिट्झर यांच्यासमोर रिकामी जागाच होती, आणि प्रतिमा केवळ प्रेक्षकाच्या पडद्यावर उमटत होती. येलिन यांना शिकागोत जे दिसत होते ते प्रेक्षकालाही दाखवण्याऐवजी, वार्ताहराला घटनास्थळापासून तोडून स्टुडिओत आणण्यासाठी एवढा खटाटोप व्हावा, यात त्या युगाची दिशा स्पष्ट दिसते. २०१३ मध्ये फॉक्स न्यूजने ‘न्यूज डेक’ या नावाचा जो वार्तामंच उभारला, त्यावर अडतीस फूट लांबीची चित्रभिंत आणि पंचावन्न इंची स्पर्शपडद्यांसमोर बसलेले कर्मचारी होते. कर्मचारी माहिती धुंडाळीत आहेत, हे दृश्यच तेथे नेपथ्याचा एक भाग बनले.

तथापि न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की याच तंत्राचे काही उपयोग अत्यंत स्तुत्य आहेत. त्याच २००८ सालच्या निवडणुकीत सीएनएनचे जॉन किंग यांनी स्पर्शाने चालणाऱ्या नकाशावर एकेका काउंटीचे मतदान उलगडून दाखवले, आणि गुंतागुंतीची निर्वाचनपद्धती सामान्य मतदाराच्या आवाक्यात आणली. सप्टेंबर २०१८ मध्ये फ्लॉरेन्स चक्रीवादळ कॅरोलिनाच्या किनाऱ्याकडे येत असता वेदर चॅनेलने संगणकीय खेळांसाठी घडवलेल्या चित्रतंत्राचा आश्रय घेऊन, निवेदिकेच्या भोवती तीन, सहा आणि अखेरीस नऊ फूट उंच पाणी चढताना दाखवले. नऊ फूट हा आकडा कानांनी ऐकणे आणि ते पाणी उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाताना डोळ्यांनी पाहणे यांत जीवनमरणाचे अंतर आहे. ज्या खर्चाने प्रेक्षकाचे ज्ञान किंवा त्याची सुरक्षितता वाढते, तो खर्च कितीही मोठा असला तरी सत्कारणी लागला असे मानण्यास मी तयार आहे.

मग उरलेल्या खर्चाचे समर्थन काय? सीबीएसच्या सायंवार्तापत्राने दोन महानगरांत ये-जा केली, मंच बदलले, निवेदकही बदलले. परंतु एबीसी आणि एनबीसी या प्रतिस्पर्ध्यांच्या मागे तिसरे राहण्याचे त्याचे प्राक्तन काही त्यामुळे पालटले नाही. असे असूनही संचालक मंडळे मंचावरील खर्चास सहज मंजुरी देतात, याचे कारण ताळेबंदाच्या स्वभावात आहे, असे मला वाटते. मंच हा भांडवली खर्च असतो; तो एकदा होतो, वर्षांवर विभागला जातो, त्याचे उद्घाटन करता येते आणि जाहिरातदारांना तो दाखवता येतो. वार्ताहराचा पगार दर महिन्यास द्यावा लागतो, आणि तो वार्ताहर सहा महिने नगरपालिकेचे दप्तर चाळीत बसला तर त्या अवधीत दाखवण्यासारखे काहीच हाती नसते. म्हणून विहिरीचा काठ घडीव दगडांनी बांधून काढावा आणि तळाचा गाळ उपसावयास मात्र माणूस ठेवू नये, असा हा व्यवहार होऊन बसला आहे.

स्थानिक केंद्रांत तर या व्यवहाराचे परिणाम अधिक कठोर आहेत. कॅमेरे यंत्रमानव हलवू लागले. दृश्ये जोडणे, ध्वनी सांभाळणे, नावांच्या पट्ट्या चढवणे ही नियंत्रण कक्षातील कामे पूर्वी निरनिराळे कुशल लोक करीत, ती आता आगाऊ लिहिलेल्या आज्ञावलीनुसार एखाददुसरा माणूस पार पाडतो. या बचतीतून वार्ताहर वाढले असते तर तक्रारीस जागा नव्हती. परंतु वार्ताहरालाच एकट्याने चित्रण, संपादन आणि निवेदन करावयास लावण्याची प्रथा त्याच काळात रूढ झाली. २०१८ मध्ये सिंक्लेअर या समूहाच्या नाना नगरांतील डझनावारी निवेदकांनी एकच लेखी मजकूर शब्दशः वाचून दाखवल्याचे चित्रण प्रसृत झाले, तेव्हा भिन्न भिन्न मंचांवरून बोलणारा आवाज एकाच कचेरीतला आहे, हे अमेरिकेला कळून चुकले. २०२५ च्या जानेवारीत ॲलन मीडिया समूहाने आपल्या केंद्रांवरील स्थानिक हवामानतज्ज्ञांना रजा देऊन अटलांटाहून हवामानवृत्त पुरवण्याची योजना जाहीर केली. प्रेक्षकांच्या रोषामुळे तिला लवकरच मुरड घालावी लागली. हा रोष सर्वथा योग्य होता. बर्मिंगहॅम येथील हवामानतज्ज्ञ जेम्स स्पॅन यांनी २७ एप्रिल २०११ रोजी अलाबामावर चक्रवातांची धाड आली असता टस्कलूसातील उंचावरच्या कॅमेऱ्याने टिपलेले ते भयानक वावटळ प्रेक्षकांना चालू क्षणी दाखवीत, गावोगावची नावे घेऊन लोकांना आसरा घेण्यास सांगितले. ती नावे ज्याच्या ओठांवर आहेत, त्याचे काम शेकडो मैलांवरचा निवेदक कसे करणार?

या विषयातील सर्वांत मोठा धडा न्यू ऑर्लिन्सने दिला आहे. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळाने ते नगर बुडवले आणि तेथील इतर दूरचित्रवाणी केंद्रांचे प्रक्षेपण कोलमडले, तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएल हे एकच केंद्र अखंड चालू राहिले. कारण त्याने ग्रेटना येथील आपला प्रक्षेपक पुराच्या पातळीहून उंच आणि भक्कम बांधला होता, आणि बॅटन रूज येथील विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात पर्यायी जागेचा बंदोबस्त केला होता. विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी असलेल्या साध्या स्टुडिओतून त्या केंद्राचे निवेदक बोलत होते, आणि आपले घर उभे आहे की नाही हे न कळलेले हजारो विस्थापित ते ऐकत होते. या कामगिरीस पुढे पीबॉडी पुरस्कार मिळाला. त्या दिवसांत निवेदकाच्या पाठीमागे कोणती भिंत आहे, याची चौकशी कोणी केली असेल असे मला वाटत नाही.

केंद्राने आपल्या गावाशी बांधील राहावे, हे तत्त्व अमेरिकेच्या कायद्याला एके काळी मान्य होते. १९३४ च्या कायद्याने आकाशलहरी ही लोकांची मालमत्ता मानली आणि लोकहिताच्या अटीवरच परवाना देण्याचे ठरवले. पुढे प्रत्येक केंद्राने आपला मुख्य स्टुडिओ ज्या गावासाठी परवाना घेतला त्या गावात किंवा त्याच्या निकट ठेवावा, असा दंडक जवळजवळ आठ दशके चालला. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी संघीय संचार आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो रद्द केला. लोक आता फोनवरून आणि संगणकावरून संपर्क साधतात, केंद्राची दप्तरे घरबसल्या पाहता येतात, आणि छोट्या केंद्रांना हा खर्च झेपत नाही, ही त्यामागील कारणे अगदीच पोकळ नव्हती. परंतु गावात स्टुडिओ असणे म्हणजे गावात संपादक, छायाचित्रकार आणि निवेदक राहणे, त्यांची मुले तेथील शाळेत जाणे आणि रस्ता खचला तर त्याची झळ त्यांनाही लागणे. हा सहवास फोन क्रमांकाने भरून निघत नाही.

प्रेक्षक हातातल्या फोनकडे वळत आहेत आणि जाहिरातींचे उत्पन्न आटत आहे, म्हणून दिमाख टिकवणे अपरिहार्य आहे, असा युक्तिवाद केला जातो. माझ्या मते याच कारणास्तव दिमाख निरर्थक ठरतो. तळहाताएवढ्या पडद्यावर अडतीस फुटांच्या भिंतीचे प्रयोजनच उरत नाही, आणि तेथे टिकाव धरते ती दुसरीकडे न मिळणारी माहिती. शासनाने बातमीच्या आशयात हस्तक्षेप करावा, असे मी सुचवीत नाही. परंतु अमेरिकन केंद्रांना लोकप्रश्नांवरील आपल्या कार्यक्रमांची यादी दर तिमाहीस सादर करावीच लागते आणि परवान्याचे नूतनीकरण दर आठ वर्षांनी होतेच. त्या यादीसोबत परवान्याच्या गावात पूर्णवेळ काम करणाऱ्या वार्ताहरांची संख्या जाहीर करण्याची सक्ती झाली, तर आशयाला धक्का न लागता प्रेक्षकाला खरा हिशेब कळेल.

या चर्चेशी महाराष्ट्राचे नाते दूरचे नाही. स्टार समूहातून २००७ मध्ये ‘स्टार माझा’ निघाली. सीएनएनच्या सहकार्याने २००५ मध्ये सुरू झालेल्या इंग्रजी वाहिनीच्या घरातून २००८ मध्ये ‘आयबीएन लोकमत’ आली. आणि परदेशी धर्तीचे मंच, चित्रभिंती व निकालाच्या दिवसाचा थाट मराठी घरांत रुळला. त्या वाहिन्यांनी मराठी पत्रकारितेस दिलेले बळ नाकारण्याचे कारण नाही. परंतु गडचिरोलीची किंवा नंदुरबारची वार्ता आजही बव्हंशी बातमीमागे अल्प मानधन घेणाऱ्या स्ट्रिंजरच्या खांद्यावर उभी आहे, आणि अमेरिकेने जी चूक संपन्नतेत केली ती आपण टंचाईत करणे अधिक महाग पडणारे आहे.

नूतनीकरणाचा अनुक्रम म्हणूनच बदलला पाहिजे. आधी पुरात आणि वादळात न ढळणारा प्रक्षेपक, वीज गेल्यावर चालणारी व्यवस्था आणि कोठूनही चित्र धाडण्याची सोय. त्यानंतर गाव ओळखणारा, पुरेसा पगार मिळणारा आणि कागदपत्रे तपासण्यास सवड असलेला वार्ताहर. आणि एवढे झाल्यावर द्रव्य शिल्लक राहिले तर खुशाल दिव्यांची भिंत. हा क्रम उलटा लावणाऱ्या संस्थेला प्रेक्षकाने आपला विश्वास देऊ नये, कारण त्या संस्थेने आपल्या अंदाजपत्रकात त्याला शेवटचे स्थान दिलेले असते.