सोळा तासांचा अंधार

भाईंदर पश्चिमेच्या आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका नेपाळचे. एकदा लाइट गेली, तेव्हा ते काठमांडूच्या २००८-०९ च्या हिवाळ्याबद्दल बोलले: दिवसाचे सोळा-सोळा तास अंधार. आज त्याच नेपाळची वीज आपल्या तारांवरून बांगलादेशात जाते. ३ ऑक्टोबर २०२४ ला काठमांडूत तिन्ही देशांनी करार केला आणि १५ नोव्हेंबरला वीज पोहोचलीसुद्धा. अवघे ४० मेगावॉट, तेही पावसाळ्याच्या महिन्यांपुरते, कारण थंडीत नेपाळच्या नद्या रोडावतात आणि तेव्हा नेपाळच आपल्याकडून वीज घेतो. ही देवाणघेवाण मला फार मोलाची वाटते. आपल्या देशातल्या तारा तरी कुठे आधीपासून जुळलेल्या होत्या? दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाशी एका लयीत आलं ते ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर-सोलापूर वाहिनीने. शेजाऱ्याशी मात्र नुसती तार पुरत नाही, भरवसा लागतो. २०१५ मध्ये सीमेवर टँकर अडले, तेव्हा नेपाळातल्या घराघरांत स्वयंपाकाचा गॅस संपला होता. काकांच्या घरी त्या दिवसांत चूल लाकडांवर पेटायची, आणि ते इथे भाईंदरला आपल्या गेटवर उभे होते.