बिबळ्याचा पेला आणि रक्तातली साखर

आयुर्वेदिक दुकानांत, प्रदर्शनांत आणि आता ऑनलाइनही विजयसाराच्या लाकडाचा पेला विकायला असतो. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचे, सकाळी तपकिरी झालेले ते पाणी उपाशीपोटी प्यायचे, की मधुमेह आटोक्यात, असा दावा. आपल्याकडे या झाडाला बिबळा म्हणतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. एवढे गिऱ्हाईक असल्यावर पेला खपणारच.

बिबळ्याला थोतांड म्हणून झटकता मात्र येत नाही. याच परिषदेने त्याची रुग्णांवर चाचणी घेतली होती. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत नव्यानेच निदान झालेल्या ९७ मधुमेहींना विजयसाराचा अर्क दिला गेला आणि १२ आठवड्यांत ६७ जणांची साखर आटोक्यात आली. बहुतेक वनस्पतींची मजल उंदरांपलीकडे जात नाही. त्या मानाने हे पुष्कळच.

पण हे रुग्ण नवे होते, वर्षानुवर्षे मुरलेल्या मधुमेहाचे नव्हते. त्यांना दिवसाला २ ते ४ ग्रॅम अर्क मोजून दिला जात होता. आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. निदान झाल्याच्या धक्क्याने माणूस गोड सोडतो, चालायला लागतो. साखर उतरण्यात त्याचा वाटा किती आणि अर्काचा किती, हे अशा चाचणीतून वेगळे काढता येत नाही.

पेल्याचे तर मोजमापच नाही. नवा असताना पाणी गडद होते, वापरून वापरून फिके पडते. म्हणजे डोस बदलतच राहतो. गोळीच्या बाबतीत आपण हे चालवून घेतले असते का?

वनस्पतीपासून औषध कसे घडते, याचे उदाहरण रोजच्या गोळ्यांतच आहे. युरोपातल्या गलेगा या झुडपातील गॅलेगिनने साखर उतरते, पण ते विषारी. त्याच रासायनिक कुळातले मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९५७ मध्ये फ्रान्समध्ये मधुमेहावर वापरात आले. गलेगाचा काढा आज कोणी डॉक्टर लिहून देत नाही.

खरा धोका चालू औषध सोडण्यात आहे. टाइप १ च्या रुग्णाने पेल्याच्या भरवशावर इन्सुलिन थांबवले, तर काही दिवसांत, कधी एखाद्या दिवसातही, जिवावर बेतू शकते. उलट, गोळ्यांच्या जोडीला कारले, मेथी, गुडमार यांची चूर्णे घेतल्यास साखर अचानक खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात. काही ‘आयुर्वेदिक’ चूर्णांत चक्क ग्लिबेनक्लामाइडसारखे ॲलोपॅथीचे औषध मिसळलेले आढळले आहे. तेव्हा दोन दिवसांत गुण देणाऱ्या चूर्णाचा संशय यायला हवा. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी त्या मोबाइलवर रोज दिसतात.

पेला घरात आलाच असेल, तर गोळ्या-इन्सुलिन चालू ठेवा, डॉक्टरांना पेल्याचे सांगा आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासून घ्या.