दुकान आपलं, मंजुरी कंपनीची : कर्जत-खालापूरच्या सॉफ्टवेअर विक्रेत्यांनी आता काय करावं?

कर्जत, नेरळ, खोपोली, मोहोपाडा इथल्या बाजारांत संगणकाची छोटी दुकानं आहेत. आयटीआय किंवा एमएस-सीआयटी करून, कुणाच्या तरी हाताखाली दोन-चार वर्षं काढून आपल्या समाजातल्या मुलांनीही अशी दुकानं टाकली आहेत. दुरुस्ती, प्रिंटर, कॅमेरे आणि जोडीला सॉफ्टवेअरची विक्री. गिऱ्हाईक म्हणजे भाताची गिरणी, हार्डवेअरवाला, सीएचं ऑफिस, रिसॉर्ट, शाळा, पतपेढी. मोठे कारखाने सहसा मुंबई-पुण्याहूनच खरेदी करतात. त्यामुळे इथल्या दुकानदाराचा धंदा पाच-दहा संगणकांच्या गिऱ्हाइकांवर उभा आहे, आणि नेमकी हीच मंडळी आता नियमांच्या कात्रीत सापडली आहेत.

मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२५ पासून आपल्या क्लाउड विक्रेत्यांसाठी मंजुरीच्या अटी कडक केल्या. कंपनीकडून थेट माल घेऊन स्वतः बिल करणाऱ्याला पूर्वी वर्षाला ३ लाख डॉलरचा धंदा पुरत होता, आता १० लाख डॉलर दाखवावे लागतात. ही गोष्ट मोठ्या शहरातल्या कंपन्यांची. आपला दुकानदार रेडिंग्टन किंवा इन्ग्राम मायक्रोसारख्या वितरकामार्फत विकतो. त्याच्यासाठीही अट आली आहे : मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० डॉलर, म्हणजे साधारण ९० हजार रुपयांची विक्री.

ऐकायला ही रक्कम काही फार नाही. पण हिशोब करून बघा. समजा एका वापरकर्त्यामागे वर्षाला ३ हजार रुपयांचं बिल होतं. मग ९० हजार गाठायला तीस वापरकर्ते लागतात. पाच संगणकांची सहा ऑफिसं. कर्जतमध्ये रीतसर परवाना विकत घेणारी सहा ऑफिसं मिळवणं म्हणजे काय, हे त्या दुकानदारालाच विचारा. शेजारचा पोरगा पाचशे रुपयांत चोरीची कॉपी टाकून देत असतो. आणि अट पूर्ण झाली नाही, तर नवी विक्री आणि नूतनीकरण आपल्या नावावर होत नाही. वर्षानुवर्षं सांभाळलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या खात्यात जातं.

ही एकाच कंपनीची गोष्ट नाही. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि काही महिन्यांतच जुनी भागीदार योजना बंद करून फक्त निमंत्रण दिलेल्यांनाच ठेवलं. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात आणि २०२४ मध्ये उत्तर अमेरिकेत गिऱ्हाइकाचं बिल स्वतःच्या हाती घेतलं, विक्रेत्याला फक्त मोबदला. आपल्या भागातही हा अनुभव नवा नाही. २०१७ मध्ये आधार नोंदणीची केंद्रं सरकारी जागेत न्यायला सांगितलं, तेव्हा खासगी दुकानांतली यंत्रं अशीच निघाली. मंजुरी देणारा वर बसलेला असतो आणि मंजुरीवर दुकान मांडणारा खाली.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. विक्रेत्याच्या हातात गिऱ्हाइकाच्या खात्याच्या किल्ल्या असतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलं होतं की नोबेलियम नावाच्या हॅकर टोळीने विक्रेते आणि सेवा देणाऱ्यांना लक्ष्य केलं. १४० हून अधिक जणांना सावध करण्यात आलं आणि १४ पर्यंत जणांच्या यंत्रणेत ते शिरले असावेत, असा अंदाज होता. विक्रेत्याच्या लॉगिनला दुहेरी पडताळणी हवी, ही अट त्यामुळे योग्यच आहे. एकच पासवर्ड दहा गिऱ्हाइकांना वापरणं आणि तो वहीत लिहून गल्ल्यावर ठेवणं ही सवय सोडावीच लागेल. पासवर्ड ही गिऱ्हाइकाची अमानत आहे.

पण सुरक्षेची अट वेगळी आणि उलाढालीची अट वेगळी. कमी विकणारा माणूस बेफिकीर असतो, असं कुठे आहे? उलाढालीची अट कंपनीच्या सोयीची आहे. हजारो छोटी खाती सांभाळण्याचा खर्च तिला नको आहे. दोन्ही गोष्टी एकाच यादीत आल्या, की छोट्याला वगळणं म्हणजे जणू सुरक्षाच वाटू लागते.

दुसरी अडचण पैशांची. मायक्रोसॉफ्टची वर्षाची वर्गणी एकदा घेतली की सात दिवसांनंतर ती रद्द करता येत नाही. रिसॉर्टने चार माणसं कमी केली, तरी वितरकाचं बिल दुकानदाराच्या नावावर चालूच. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाच्या करारावर महिन्याचं बिल घेतलं तर ५ टक्के जादा. उधारीची जोखीम छोट्याच्या डोक्यावर आणि अटी ठरवणार मोठा.

उधारी वसूल करायला लघुउद्योगाचा कायदा आहे, ४५ दिवसांत पैसे द्यावेत असं तो सांगतो. पण इथे एक बारीक मेख आहे. जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जासाठी. उशिरा पैसे मिळाल्याबद्दलचं संरक्षण माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला नाही, सेवा देणाऱ्याला आहे. म्हणून देखभाल, बॅकअप, प्रशिक्षण या कामांचं बिल परवान्याच्या बिलात मिसळू नका, वेगळं करा. उद्यममध्ये सेवेचा कोड आहे का, हे आपल्या सीएला आजच विचारा.

मागणी संपलेली नाही, हेही लक्षात घ्या. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत कंपन्यांना प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं हिशोबाचं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे. ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस लागतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबला. यातलं प्रत्येक काम करायला जागेवर येणारा माणूस लागतो. खोपोलीतल्या दुकानाचा प्रिंटर कंपनीचा चॅटबॉट येऊन जोडणार नाही.

मग करायचं काय? मला तीन गोष्टी सुचतात. एक, चार-पाच दुकानदारांनी एकत्र येऊन भागीदारी किंवा एलएलपी करावी आणि विक्री एकाच नावावर घ्यावी. एकट्याला जड वाटणारे ९० हजार पाच जणांना मिळून सहज जमतील. मात्र कोणाचं गिऱ्हाईक कोणाचं आणि नफ्यात वाटा किती, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवा. आपल्याकडे भाईबंदकीत तोंडी ठरतं आणि तिथूनच बिनसतं. दोन, एकाच ब्रँडवर घर चालवू नका. टॅली आहे, चेन्नईची झोहो आहे, पुण्याच्या काटकर बंधूंची क्विक हील आहे. ज्या शाळेला किंवा ट्रस्टला परवडत नाही, तिला चोरीची कॉपी देण्यापेक्षा लिब्रेऑफिस बसवून द्या आणि शिकवण्याचे पैसे घ्या. तीन, वितरकाच्या पोर्टलवर आपली बारा महिन्यांची विक्री दर महिन्याला तपासा. नूतनीकरणाच्या आठवड्यात जाग येऊन उपयोग नाही.

गिऱ्हाइकांनाही एक सांगणं आहे. डोमेन आणि मुख्य ॲडमिन खातं आपल्या संस्थेच्या नावावर ठेवा. उद्या विक्रेत्याची मंजुरी गेली, तरी तुमचे ईमेल आणि कागद अडकणार नाहीत. आणि दुकानदाराने रीतसर बिल दिलं तर दोन पैसे जास्त लागतात म्हणून तोंड वाकडं करू नका. आपल्या मशिदीच्या, मदरशाच्या आणि शाळेच्या कमिट्यांनी पहिला रीतसर परवाना गावातल्याच मुलाकडून घेतला, तर त्याच्या तीस वापरकर्त्यांची मोजणी तिथूनच सुरू होईल.