मांदेलीचा काटा, कर्लीचा काटा

काटे खाल्ले तर चालतात का, असं मासेखाऊ घरात कुणी विचारत नाही. कुठल्या माशाचे, एवढंच विचारतात. मांदेली रव्यात घोळवून कडकडीत तळली की काट्यासकट कुरकुर चावायची. तिचे काटे वेचत बसणारा पाहुणाच असणार. कॅल्शियमही त्या काट्यातच असतं. बांगड्याचा मधला काटा मात्र शेपटीकडून उचलावा आणि ताटाच्या कडेला ठेवावा. तो चावण्यात शौर्य नाही.

खरी परीक्षा घेतात कर्ली आणि पाला. त्यांच्या मांसातच बारीक काटे असतात, कण्याला न जोडलेले. मधला काटा काढला तरी ते जागच्या जागी. डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना कळतात. म्हणून घास अंगठ्याने चाचपायचा, टोचलं ते उपसायचं, मगच तोंडात. चमच्याने कर्ली खाणाऱ्याला माझा लांबूनच नमस्कार.

कोकम-चिंचेने काटा विरघळतो म्हणतात. पंधरा मिनिटांच्या कालवणात कसला विरघळतोय! डबाबंद तारल्यांचे काटे मऊ होतात ते दाबाखालच्या उष्णतेने. घरच्या कुकरमध्ये ती १२० अंशांच्या आसपास जाते. तासभर ठेवल्यास तारलीचा काटा बोटांनी चुरडतो. पण मग तिरफळं घातलेल्या तिखल्याची मजा विसरा.

गिळला गेलेला बारीक काटा बहुतेक वेळा निमूट पुढे जातो. घशात रुतला की मात्र घरभर आरोळी उठते, ‘सुक्या भाताचा गोळा गीळ!’ मागोमाग केळं येतं. हा उपाय मला अजिबात पसंत नाही. काटा बहुधा टॉन्सिलमध्ये नाहीतर जिभेच्या मुळाशी रुतलेला असतो. गोळ्याने तो आणखी आत जाऊ शकतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना तो दिसला, तर चिमट्याने चटकन निघतो. कधी काटा गेलेला असतो, नुसता ओरखडा टोचत राहतो. पण तेही त्यांनाच ठरवू द्यावं. थुंकी गिळवेना, छातीत दुखू लागलं किंवा रक्त आलं, तर थेट रुग्णालय.

कवळीवाल्यांनी जास्तच जपावं. टाळू झाकलेला असल्याने काटा लागलेला कळतच नाही. आमच्या आत्याला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, “मग कवळी काढून ठेवीन. कर्ली नाही सोडायची मी.”