अठ्ठेचाळिसावा मेंबर

खाणावळीचा व्यवसाय महाराष्ट्रात मुख्यत्वेकरून स्त्रियांनी, आणि त्यांतही ज्यांच्यावर संसाराचा भार अकस्मात येऊन पडला अशा स्त्रियांनी, उभा केला आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या ज्या बायका सावकाराच्या व्याजाखाली दबून गेल्या होत्या, त्यांना संघटित करून बँकांचे कर्ज त्यांच्या उंबरठ्यापर्यंत यावे या हेतूने प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गिरण्या बंद पडल्या, परंतु परगावाहून आलेल्या माणसाला घरच्यासारखे अन्न रास्त दरात मिळावे ही गरज काही संपली नाही. आज पुण्याच्या सदाशिव-नारायण पेठांत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी मराठवाड्यातून आणि विदर्भातून आलेली मुले ज्या मेसच्या आधारावर दिवस काढतात, त्या मेस त्याच परंपरेतल्या आहेत. त्या चालवणाऱ्या बायकांना वस्तू व सेवा कराचा हिशेब कोणी साध्या शब्दांत समजावून देत नाही. म्हणून आजचे सदर मी त्या हिशेबाला देत आहे.

पहिली गोष्ट अशी की, शिजवून वाढलेले अन्न कायद्याच्या दृष्टीने वस्तू नसून सेवा आहे, आणि डबा घरपोच दिला तरी त्याचे हे स्वरूप पालटत नाही. या भेदाचे परिणाम दूरगामी आहेत. केवळ वस्तू विकणाऱ्या व्यापाऱ्याला १ एप्रिल २०१९ पासून वार्षिक चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत आपल्या राज्यात नोंदणीची सक्ती नाही. सेवा देणाऱ्याची मर्यादा मात्र १ जुलै २०१७ रोजी कर अंमलात आला तेव्हा जी वीस लाखांची होती, तीच आजही आहे. म्हणजे ज्या वाण्याकडून खाणावळवाली डाळ-तांदूळ भरते, त्याला चाळीस लाखांची सवलत, आणि तीच डाळ शिजवून ताटात वाढणाऱ्या बाईला वीस लाखांची.

वीस लाख हा आकडा ऐकणाऱ्याला मोठा वाटतो. पण ही नुसती उलाढाल आहे, नफा नव्हे. समजा, दोन वेळच्या जेवणाचा मासिक दर ३,५०० रुपये आहे. सत्तेचाळीस मेंबर वर्षभर जेवले तर उलाढाल १९,७४,००० रुपये होते आणि नोंदणीची आवश्यकता उत्पन्न होत नाही. अठ्ठेचाळिसावा मेंबर आला की ती २०,१६,००० होते आणि मर्यादा ओलांडली जाते. ज्या दिवशी ती ओलांडली, त्यापासून तीस दिवसांच्या आत नोंदणीचा अर्ज करावा लागतो, आणि पुढील वर्षी कर द्यावयाचा तो वीस लाखांवरील सोळा हजारांवर नव्हे, तर पहिल्या रुपयापासून सगळ्या रकमेवर. त्या एका मेंबरकडून वर्षाकाठी येतात ४२,००० रुपये, आणि त्याच्या येण्याने उत्पन्न होणारा कर आहे सुमारे लाखभर. वाढत्या व्यवसायाला कायद्याने वाढू नये असेच सांगितल्यासारखे हे आहे, आणि कित्येक कष्टाळू बायका मेंबर नाकारतात त्याचे कारण येथे आहे.

नोंदणी झाल्यावर दोन मार्ग असतात. सर्वसाधारण मार्गात पाच टक्के कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येतो. मात्र तेल, किराणा, गॅस यांच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. १५ नोव्हेंबर २०१७ पूर्वी बिनवातानुकूलित उपाहारगृहांना बारा आणि वातानुकूलित उपाहारगृहांना अठरा टक्के दर होता व वजावटही होती. गुवाहाटीच्या बैठकीत वस्तू व सेवा कर परिषदेने दर पाचावर आणला आणि वजावट काढून घेतली. सबब, एकोणीस किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर भरलेले अठरा टक्के खाणावळवालीच्याच पदरी राहतात. दुसरा मार्ग आपसमेळ योजनेचा, ज्याला बाजारात सगळे कंपोझिशन म्हणतात. त्यातही दर पाच टक्केच आहे, पण तो गिऱ्हाइकाकडून मागता येत नाही, स्वतःच्या उत्पन्नातून द्यावा लागतो. बिलावर तसे नमूद करावे लागते, दारावर पाटी लावावी लागते, आणि त्याच्या बदल्यात दरमहाची विवरणपत्रे टळून तिमाहीस एक भरणा व वर्षास एक विवरणपत्र एवढ्यावर भागते. दीड कोटींपर्यंतच्या उलाढालीला ही योजना खुली आहे.

आता जेथे बहुतेकांची गल्लत होते तो भाग सांगतो. ताटाची किंमत करासहित १२० रुपये ठेवली असेल तर त्यातील कर सहा रुपये नसतो. १२० ला २१ ने भागावे. ५ रुपये ७१ पैसे येतात, आणि त्यांतील निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. कारण कर शंभरावर पाच आहे, एकशेपाचावर नव्हे. आपसमेळ योजनेत मात्र हाती आलेल्या सगळ्या रकमेवर पाच टक्के द्यावे लागतात. म्हणून मेसचा दर ३,५०० रुपयेच ठेवून कर त्यातच धरला, तर २०,१६,००० रुपयांवर सर्वसाधारण मार्गाने ९६,००० आणि आपसमेळ योजनेने १,००,८०० रुपये कर होतो. सोपा म्हणून सांगितला जाणारा मार्ग ४,८०० रुपयांनी महाग पडतो, ही गोष्ट सल्ला देणाऱ्यांनी अर्जदाराला आधी सांगितली पाहिजे.

पण एवढ्यावरून निर्णय करू नये. जागा भाड्याची असेल आणि जागामालक नोंदणीकृत नसेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यावसायिक जागेच्या भाड्यावरील अठरा टक्के कर रिव्हर्स चार्जने भाडेकरूनेच भरावयाचा असतो; आपसमेळ योजनेतील भाडेकरूला जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेने यातून वगळले आहे. पंधरा हजार भाडे धरले तर हा बोजा वर्षाला ३२,४०० रुपयांचा होतो आणि पारडे उलटते. तेव्हा घरच्याच स्वयंपाकघरात चालणाऱ्या मेसचे गणित एक, भाड्याच्या गाळ्यातील मेसचे दुसरे. शेजारणीने काय केले ते पाहून आपण तसेच करू नये.

खाड्यांचा हिशेबही नीट ठेवावा. सेवेचे पैसे आगाऊ घेतले की कराची जबाबदारी पैसे हाती येताच सुरू होते. परंतु मेंबर सुट्टीत गावी गेला आणि त्याचे खाडे धरले, तर ती रक्कम पुढच्या बिलात स्पष्टपणे वजा दाखवावी, म्हणजे न मिळालेल्या पैशावर कर भरावा लागत नाही. खाडे तोंडी धरण्याचा आपल्याकडचा शिरस्ता स्नेहाचा असला तरी कागदावर तो टिकत नाही. त्याचप्रमाणे धंद्याचे पैसे आणि घरचे पैसे एकाच मोबाईल क्रमांकावर घेऊ नयेत. २०२५ च्या जुलैत बंगळूरच्या लहान विक्रेत्यांना यूपीआयवरील जमेच्या आधारे कर खात्याच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बहिणीने पाठवलेले पैसे कोणते आणि विक्रीचे कोणते हे सिद्ध करण्याची पाळी त्यांच्यावर आली. स्विगी-झोमॅटोवरून गेलेल्या जेवणाचा कर १ जानेवारी २०२२ पासून त्या कंपन्या भरतात हे खरे, पण ती विक्री वीस लाखांच्या मोजणीत धरली जाते. रोज रात्री दहा मिनिटे काढून रोजकीर्द लिहावी. पुढचे सगळे प्रश्न तिच्यावरून सुटतात.

हे सर्व खाणावळवालीने करावे असे मी सांगतो, कारण कायदा पाळण्यातच तिचे हित आहे. परंतु कायद्याचेही काही कर्तव्य आहे. शिक्षणसंस्थेने आपल्या विद्यार्थ्यांना दिलेल्या सेवेला करमाफी आहे; त्याच संस्थेच्या फाटकाबाहेर त्याच विद्यार्थ्यांना जेवू घालणारी बाई मात्र त्या माफीबाहेर आहे. ऐंशी रुपयांचे ताट आणि स्वतंत्र आलिशान उपाहारगृहातील दोन हजारांचे ताट, दोहोंवर दर सारखाच पाच टक्के. राज्याला महसूल हवा आणि मोठ्या व्यावसायिकांनी लहानांच्या आडून कर चुकवू नये, हे दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. पण पन्नास पानांची खाणावळ ही कर चुकवण्याची आड होऊ शकेल इतकी मोठी नाही. वस्तू व सेवा कर परिषदेत महाराष्ट्राच्या मंत्र्यांना आसन आहे. शिजवलेल्या अन्नाची नोंदणी-मर्यादा किराण्याच्या मर्यादेइतकी, म्हणजे चाळीस लाखांची करावी, हा प्रस्ताव त्यांनी परिषदेच्या पुढील बैठकीत मांडावा अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.