कामगाराचा बाजार, जवानाची पेन्शन

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, 1 ऑक्टोबर 2025 रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने केंद्राच्या पेन्शनरांची महागाई सवलत 55 वरून 58 टक्के केली. पनवेलजवळच्या कळंबोलीत सिडकोच्या घरात राहणारा फौजेतला निवृत्त हवालदार असो की दिल्लीतला माजी सचिव, सुमारे 69 लाख पेन्शनरांना ती जुलैपासूनच्या फरकासह लागू झाली. बातम्यांत मथळा होता ‘3 टक्के वाढ’.

हवालदार मात्र हिशेबाला पक्का असतो. मूळ पेन्शन 20,000 रुपये धरली, तर आधी सवलतीसह हातात 31,000 पडत होते, वाढीनंतर 31,600. म्हणजे वाढले 600 रुपये, दोन टक्क्यांनाही कमीच. सवलत मोजली जाते मूळ पेन्शनवर आणि किराणा भरावा लागतो सगळ्या पैशांतून, त्यामुळे मथळा नेहमीच जरा फुगलेला वाटतो.

58 हा आकडा मंत्र्यांच्या मनातून येत नाही. केंद्राचा श्रम ब्युरो दर महिन्याला औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक काढतो. कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, मोटार वाहतूक, वीज आणि बंदरं इथल्या कामगारांची कुटुंबं काय खातात, काय नेसतात, भाडं किती भरतात, यावर तो उभा आहे. भाव देशातल्या 88 केंद्रांतून गोळा होतात. महाराष्ट्रातून त्यात मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर आणि सोलापूर आहेत. कळंबोली-पनवेलच्या मंडईत भाजी कडाडली, तरी त्याची थेट नोंद या निर्देशांकात होत नाही.

मग बारा महिन्यांची सरासरी काढायची. जून 2025 पर्यंतच्या वर्षाची ती 143.6 च्या आसपास होती. 2016 च्या पायावरची ही संख्या 2.88 ने गुणून 2001 च्या जुन्या पायावर न्यायची, त्यातून 2015 ची सरासरी 261.42 वजा करायची आणि उरलं ते 261.42 च्या किती टक्के हे पाहायचं. उत्तर आलं 58.16. अपूर्णांक सोडून द्यायचा असा नियम आहे. तो कधी पेन्शनरांच्या बाजूने सुटत नाही, हेही ओघाने आलंच.

या निर्देशांकात खाण्यापिण्याचं वजन 2001 च्या मालिकेत 46.2 टक्के होतं. 2016 च्या मालिकेत ते 39.17 वर आलं. घराचं वजन 16.87 आहे. ज्याने सिडकोचं घर कधीच नावावर करून घेतलं, त्यालाही भाडेवाढीचा वाटा सवलतीतून मिळतो. त्याबद्दल तक्रार केलेला पेन्शनर अजून कुणी पाहिलेला नाही.

सूत्र कितीही काटेकोर असलं, तरी त्यावर सहीचा अधिकार सरकारचा. करोनाकाळात जानेवारी 2020 ते जून 2021 अशी दीड वर्षं सवलत 17 टक्क्यांवर गोठवली गेली. निर्देशांक चढतच होता. जुलै 2021 मध्ये ती एकदम 28 टक्के झाली, पण मधल्या तीन हप्त्यांचा फरक मिळाला नाही. कर्मचारी आणि पेन्शनर मिळून सरकारचे 34,402 कोटी रुपये वाचले.

जवान तरुणपणीच, बहुधा चाळिशीच्या आत-बाहेर निवृत्त होतो. त्याला या सूत्रावर पुढची तीस-चाळीस वर्षं काढायची असतात. शिवाय सवलत प्रत्येकाला सारख्याच टक्क्यांनी वाढते, त्यामुळे जुन्या निवृत्ताची मूळ पेन्शनच कमी असेल तर अंतर रुंदावत जातं. समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन, या ‘वन रँक वन पेन्शन’चा झगडा त्यासाठीच होता. ती योजना जुलै 2014 पासून लागू झाली. फेरआढावा दर पाच वर्षांनी. तो दरवर्षी व्हावा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2022 मध्ये मान्य केली नाही.

कळंबोलीत गोष्ट इथेच संपत नाही. फौजेतून आलेला माणूस घरी बसत नाही. लोखंड बाजारात नाहीतर तळोज्याच्या एखाद्या कारखान्यात सुरक्षारक्षक म्हणून पंधरा-वीस वर्षं काढतो आणि भविष्य निर्वाह निधीच्या ईपीएस-95 योजनेची दुसरी पेन्शन मिळवतो. तिला महागाईशी जोडलेली वाढच नाही. तिची किमान रक्कम सप्टेंबर 2014 पासून 1,000 रुपये आहे. ज्या कामगारवर्गाच्या बाजारावरून फौजी पेन्शन वर्षातून दोनदा फुगते, त्या कामगाराची स्वतःची पेन्शन जागची हलत नाही, आणि या माणसाच्या घरात दोन्ही येतात. हा विरोधाभास अर्थशास्त्राच्या कुठल्याही सूत्राने समर्थनीय ठरणार नाही.

आता न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालचा आठवा वेतन आयोग बसला आहे. आयोगाच्या शिफारशी लागू होतात तेव्हा तोवरची सवलत मूळ पेन्शनमध्ये मुरते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. ईपीएस-95 आयोगाच्या कक्षेतच येत नाही. तिच्या पेन्शनरांनी 2018 मध्ये बुलढाण्यात साखळी उपोषण मांडलं. मागणी दरमहा 7,500 रुपयांची, आणि त्यावर महागाई भत्त्याची.